थायरॉईडच्या उपचारानंतरचं पहिलं वर्ष

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२५ मे रोजी जागतिक थायरॉईड दिन झाला. त्यानिमित्तानं आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. लेखाची भाषा सोपी होती, घरातल्या सगळ्यांनी वाचला. थायरॉईडचं फार मनावर घ्यायचं कारण नाही, सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेतली की झालं, असा त्याचा एकंदर सूर होता. ज्यांची ही गळ्यातली थायरॉईड ग्रंथी वर्षानुवर्षं हळूहळू मंद पडत गेली, त्यांच्यातल्या पुष्कळांना हे लागू पडत असेल. पण माझ्यासारख्यांची ग्रंथी आधी बेफाम सुटलेली असते, ती उपचारानं थांबवली जाते आणि मग आम्ही त्याच गोळीवर येतो. गोळी एकच असली तरी तिथवर यायची वाट फार निराळी असते. त्या वाटेवरचं पहिलं वर्ष कसं जातं, त्यात काय बघायचं, कोणती तपासणी करायची, हे रुग्णाला नीट कोणी सांगत नाही. ते सांगितलं जावं आणि कागदावर लिहून दिलं जावं, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे. पत्र लांबलं आहे, पण कापायचंच झालं तर माझी हकिगत कापा, तपासणीबद्दलचा भाग तेवढा ठेवा.

मी एसटीत वाहक आहे, कराडकडचा. पन्नाशीच्या अलीकडे मला ग्रेव्हज नावाचा आजार निघाला. यात आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉईडला सारखी डिवचत राहते आणि ग्रंथी गरजेपेक्षा कितीतरी जास्त हार्मोन सोडते. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा बराच जास्त आढळतो, त्यामुळे माझ्या बाबतीत सुरुवातीला तो कोणाच्या डोक्यातच आला नाही. ऐन पौषात लोक कानटोप्या घालून, खिडक्या लावून गाडीत बसलेले असायचे आणि माझा शर्ट पाठीला चिकटलेला. दोन माणसांचं जेवण जेवायचो आणि पट्ट्याला नवीन भोकं पाडायला लागायची. तिकीट मशीनवर टप्पा दाबताना बोट थरथरून शेजारच्या बटणावर पडायचं. एकदा बाजारच्या गर्दीत एका म्हाताऱ्यानं माझा हात बघितला आणि कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "मास्तर, एवढ्या सकाळी घेत जाऊ नगा." मी जन्मात दारूला शिवलेलो नाही. त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं, पण ते शब्द मला फार लागले. शेवटी छातीची धडधड रात्री झोपेतही थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं आणि निदान झालं.

ग्रंथीचं हार्मोन बनणं रोखणाऱ्या कार्बिमाझोलच्या गोळ्या दीड वर्ष घेतल्या, जोडीला धडधड आवरायला प्रोप्रॅनोलॉल. घसा दुखला किंवा ताप आला तर अंगावर काढू नका, लगेच पांढऱ्या पेशी तपासा, असं डॉक्टरांनी तेव्हा बजावून सांगितलं होतं. कार्बिमाझोल घेणाऱ्या प्रत्येकानं ते लक्षात ठेवावं. गोळ्यांनी मी सुधारलो. कोर्स संपला, गोळ्या बंद झाल्या आणि काही महिन्यांत आजार पुन्हा उलटला. सुमारे निम्म्या रुग्णांच्या बाबतीत असं होतं म्हणे. मग रेडिओआयोडिन द्यायचं ठरलं.

या उपचाराची लोकांना भीती फार आहे, म्हणून दोन शब्द. थायरॉईड ग्रंथी रक्तातलं आयोडिन ओढून घेते. किरणोत्सर्गी आयोडिन तोंडावाटे दिलं की तेही तिथंच जाऊन साठतं आणि आतल्या पेशी निकामी करतं. त्याची निम्मी ताकद आठ दिवसांत उतरते. आपल्याच मुंबईत, परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे आणि थायरॉईडच्या रुग्णांवर तिथं कित्येक वर्षं असे उपचार होत आले आहेत. माझे उपचार पुण्यातल्या एका रुग्णालयात झाले. एक कॅप्सूल, वर पाणी, आणि संध्याकाळी घरी. दुखलं नाही, खुपलं नाही.

घरी जाताना दोन पानी सूचना मिळाल्या. वेगळ्या अंथरुणावर झोपा, लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहा, संडासात दोनदा पाणी सोडा, बसमध्ये कोणाच्या शेजारी फार वेळ बसू नका. सगळं मराठीत, ठळक अक्षरांत. त्या सूचना मी तंतोतंत पाळल्या. पुतण्याची मुलगी तेव्हा दुडूदुडू चालायला लागली होती, तिला दारातूनच हात दाखवायचो. आमचं काम म्हणजे खांद्याला खांदा घासून तिकिटं फाडायचं, त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रजाही काढली. पण त्या दोन पानांत पुढच्या आयुष्याबद्दल एकच ओळ होती: थायरॉईड कमी झाल्यास गोळी सुरू करावी लागेल. ते कमी झालं हे रुग्णानं ओळखायचं कसं, कधी ओळखायचं, कोणत्या तपासणीवर विश्वास ठेवायचा, याबद्दल एक अक्षर नव्हतं. शेजाऱ्यांना माझ्यापासून काही होऊ नये याची इतकी काळजी घेणाऱ्या माणसांनी मला पुढं काय होणार हेही त्याच कागदावर लिहिलं असतं, तर माझे काही महिने वाचले असते.

दोनेक महिन्यांत अंग बदललं. रात्री पोटऱ्यांत असे गोळे यायचे की उठून भिंतीला धरून उभं राहावं लागायचं. सकाळी पापण्या सुजलेल्या. आवाज जड झाला. "मागं सरका, मागं सरका" हे दिवसातून शंभरदा म्हणणारा माणूस मी, तो आवाज मलाच परका वाटायला लागला. रात्री डेपोत वेबिल आणि रोकड जुळवताना पूर्वी बोटं आणि डोकं बरोबर चालायचं, आता एकाच रकान्यावर नजर खिळून राहायची. हिशोब चुकत नव्हता, पण वेळ दुप्पट लागत होता. माझ्यामागून आलेले वाहक कॅश भरून घरी जायचे आणि मी तिथंच.

आणि नेमक्या याच दिवसांत जो भेटेल तो मला चांगलं म्हणत होता. "तब्येत भरली हो तुमची", "आता कसं तोंडावर तेज आलं". आपल्याकडं वाळलेला माणूस पुन्हा भरला की आजार गेला असं धरतात. माझ्या तोंडावर आलेली ती सूज होती. घरातही तेच. आधीच्या दोन वर्षांत माझ्या रागानं सगळे धास्तावलेले होते. आता मी कोणाला काही बोलत नव्हतो, टीव्ही लावला की बघायचो, बंद केला की बसून राहायचो. थोरला भाऊ म्हणाला, "आता तरी शांत झालास." त्याला बरं वाटलं, याचा मला आनंदच आहे. पण ती शांतता नव्हती. आतून सगळं मंदावलेलं होतं, आणि ते सांगायलाही अंगात जोर नव्हता. ग्रेव्हजच्या रुग्णांच्या घरच्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: तुमचा तापट झालेला माणूस उपचारानंतर अचानक गप्प झाला, गोठल्यासारखा पांघरूण घेऊन बसायला लागला, तर बरा झाला म्हणून सोडून देऊ नका. त्याला तपासायला न्या.

माझ्या घरी हे पहिल्यांदा हेरलं ते पत्नीनं. तिनं माझा आवाज धरला. मुक्कामाच्या गावाहून फोन केला की ती म्हणायची, झोपेतून उठून बोलताय का?

आता तपासणीचं. गावाजवळच्या प्रयोगशाळेत थायरॉईड म्हटलं की बहुतेक वेळा फक्त टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, तपासतात. ते स्वस्त पडतं आणि एरवी तेवढं पुरतंही. माझं टीएसएच आलं अगदी तळाला. टीएसएच कमी म्हणजे थायरॉईड जास्त, हा नेहमीचा हिशोब. तो रिपोर्ट बघून एका डॉक्टरांनी सांगितलं की आजार अजून गेलेला नाही, कार्बिमाझोल पुन्हा चालू करा. चिठ्ठीही लिहून दिली. मला ते पटेना. दोन्ही अवस्था माझ्या अंगावरून गेलेल्या होत्या. थायरॉईड वाढलेला माणूस वैशाखात स्वेटर शोधत नाही, हे मला ठाऊक होतं. ती चिठ्ठी खिशात ठेवून मी साताऱ्याला एका हार्मोनतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडं गेलो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, पाय उडाला आणि सावकाश खाली आला. त्यांनी मान हलवली आणि फ्री टी-४, म्हणजे थायरॉईडचं रक्तातलं प्रत्यक्ष हार्मोन, तपासायला सांगितलं. ते आलं नेहमीच्या मर्यादेच्या खूप खाली. म्हणजे टीएसएचही कमी आणि प्रत्यक्ष हार्मोनही कमी.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. टीएसएच थायरॉईडमधून येत नाही, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतं. थायरॉईडनं काम वाढवावं म्हणून पिट्यूटरी ते सोडते. ग्रेव्हजमध्ये रक्तात हार्मोन ओसंडून वाहत असतं, त्यामुळे तिला ते सोडायचं कामच उरत नाही आणि ती एक प्रकारे झोपी जाते. पुढं थायरॉईड थांबलं, रक्तातलं हार्मोन आटलं, तरी तिला जाग यायला कित्येक आठवडे, कधीकधी काही महिने लागतात. तेवढ्या काळात एकट्या टीएसएचवर गेलात तर उलटाच निष्कर्ष निघू शकतो. म्हणून उपचारानंतरचे पहिले काही महिने फ्री टी-४ बघायचंच, टीएसएच त्याच्या जोडीला. मी त्या चिठ्ठीप्रमाणे कार्बिमाझोल सुरू केलं असतं, तर आधीच थंड पडलेल्या ग्रंथीवर आणखी पाणी पडलं असतं. या एका गोष्टीसाठी, संपादक महाशय, मी लेखणी उचलली आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांच्याकडं दिवसाला सर्दी-तापाचे शेकडो रुग्ण, त्यात रेडिओआयोडिन घेतलेला एखादाच. म्हणूनच हा रुग्ण कोण आहे आणि त्याला काय तपासायचं, हे रुग्णाच्याच खिशातल्या कागदावर असायला हवं.

लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन बाहेरून पुरवणारी ती गोळी, सुरू झालं. लोकांना वाटतं गोळी घेतली की आठवड्यात माणूस टुणटुणीत. तसं होत नाही. हे हार्मोन शरीरात सावकाश भरतं आणि सावकाश उतरतं, निम्मं उतरायलाच सुमारे सात दिवस घेतं. त्यामुळे मात्रा बदलल्यावर खरं चित्र दिसायला सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं. मोठ्या माणसाची पूर्ण मात्रा साधारण वजनाच्या दर किलोला १.६ मायक्रोग्रॅम, असा ढोबळ हिशोब डॉक्टर धरतात. पण वयस्कर किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला एकदम तेवढी देत नाहीत, थोडीथोडी वाढवत नेतात. माझं हृदय आधीच्या दोन वर्षांत दमलेलं होतं, म्हणून मलाही तसंच चढवत नेलं.

या काळात सगळ्यात जड गेली ती भीती. गाडीमागं धावत येणाऱ्या प्रवाशासाठी घंटी मारली, दारात वाकून त्याच्या हातातलं पोतं वर ओढलं, छाती धडधडली, की पोटात गोळा यायचा: परत आलं का ते? डॉक्टरबाईंनी यावर साधा उपाय दिला. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी मनगटावर बोट ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची आणि लिहून ठेवायची. पत्नीनं किराणा वहीच्या मागच्या पानावर ते सुरू केलं. नाडी, वजन, त्या दिवशीची मात्रा, झोप कशी लागली. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी रिपोर्टच्या आधी ती वही मागितली. एकदा मात्रा वाढवल्यावर नाडी सलग वरवर जायला लागली आणि हात पुन्हा थरथरले, तेही त्या वहीतच आधी दिसलं, आणि मात्रा एक पायरी खाली आणली गेली.

लेखात सकाळच्या उपाशीपोटी गोळीबद्दल लिहिलं आहे ते बरोबरच आहे. चहा-नाश्त्याच्या आधी अर्धा ते एक तास, नुसत्या पाण्याबरोबर. पण आमच्यासारख्यांच्या दिवसाचा विचार करा. मुक्कामी गाडी असली की पहाटे पाचच्या आत गाडी सुरू करायची. ज्या गावात मुक्काम, तिथला हॉटेलवाला गाडीच्या काचेवर टकटक करून कपबशी पुढं करतो. चालक आणि मी तिथंच उभ्या उभ्या चहा घेतो, कारण पुढं तीन तास घोट मिळत नाही. चहा आणि गोळी एकत्र गेली तर गोळी नीट शोषली जात नाही. आठवड्यातले काही दिवस सकाळपाळी, काही दिवस दुपारपाळी, काही दिवस मुक्काम. वेळ रोज हलायची आणि रिपोर्टही तसेच हलायचे. हे सगळं मी डॉक्टरबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, मग रात्री घ्या. जेवणानंतर किमान तीन तासांनी, झोपताना. मी आठ वाजता भाकरी खातो आणि अकराला गोळी घेतो, घरी असो नाहीतर मुक्कामाच्या गावी गाडीत आडवा पडलेला असो. तेव्हापासून रिपोर्ट स्थिर आहेत. पहाऱ्यावरचे पोलीस, रात्रपाळीच्या नर्सबाई, दूध संकलनावरची माणसं, साखर कारखान्यावरचे कामगार, या सगळ्यांनी आपल्या डॉक्टरांना आपला दिवस कसा जातो ते सविस्तर सांगावं. डॉक्टर विचारायची वाट बघू नये.

हाडांसाठी मला कॅल्शियमची गोळीही होती, कारण थायरॉईड फार काळ वाढलेलं राहिलं की हाडं झिजतात. कॅल्शियम, लोह आणि पोटातल्या जळजळीचं पांढरं औषध यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तास अंतर लागतं. मी कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर ठेवलं.

आषाढीला आम्हाला पंढरपूरच्या जादा गाड्यांवर पाठवतात. चंद्रभागेच्या अलीकडं गाड्यांच्या रांगा लागतात, घरी कधी परतणार याचा नेम नसतो. अशा वेळी मोजक्या गोळ्या कागदात गुंडाळून न नेता मी अख्खी बाटलीच नेतो, कारण ऊन, ओल आणि उजेड या तिन्हीनं हे औषध खराब होतं. बाटली सीटखालच्या पेटीत न ठेवता कापडी पिशवीत कपड्यांच्या मधोमध. एकादशीच्या उपवासालाही गोळी चुकवत नाही. पाणी चालतं त्या उपवासाला गोळी चालते, असं आमच्या गावच्या महाराजांनीही सांगितलं.

परगावी बाटली संपली तर दुकानात "थायरॉईडची गोळी द्या" एवढंच म्हणू नये. १२.५, २५, ५०, ७५, ८८, १००, ११२, १२५ अशा कितीतरी मात्रा मिळतात आणि बाटल्या दिसायला सारख्याच. २५ आणि १२५ यांत फरक एका आकड्याचा, पण शरीरावर होणारा परिणाम पाचपट. जुनी बाटली दाखवून तोच आकडा मागावा, शक्यतो त्याच कंपनीची घ्यावी, आणि कंपनी बदलावीच लागली तर डॉक्टरांना कळवून सहा-आठ आठवड्यांनी रक्त तपासावं. औषध महाग नाही. ते राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे, जनऔषधी दुकानांतही मिळतं. पैशासाठी कोणी बंद ठेवावं असं काही त्यात नाही. बंद मात्र अनेकजण करतात, बरं वाटायला लागलं की. ज्यांची ग्रंथी उपचारानं थांबवली आहे त्यांच्यासाठी ही गोळी आजारावरचं औषध नसून शरीराला रोज लागणारा पदार्थ आहे, तो आता बाहेरून पुरवायचा इतकंच.

तरुण बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण माझ्या चुलतबहिणीच्या मुलीचाही हाच उपचार ठरला आहे. रेडिओआयोडिन घेतल्यावर निदान सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. आणि नंतर गोळी चालू असताना दिवस राहिले, तर लगेच डॉक्टरांकडं जायचं, कारण गरोदरपणात मात्रा वाढवावी लागते. बाळाच्या मेंदूची वाढ सुरुवातीच्या महिन्यांत आईच्याच हार्मोनवर होते. हे लग्न ठरवताना लपवायची काही गरज नाही. सासरच्यांना माहीत असलं तर गोळीची वेळ पाळायला तेच मदत करतील.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की, जी रुग्णालयं रेडिओआयोडिन देतात किंवा थायरॉईड काढतात, त्यांनी किरणोत्साराच्या किंवा टाक्यांच्या सूचनांबरोबर आणखी अर्धं पान मराठीत द्यावं. अंग कोणत्या खुणा दाखवेल, चार ते सहा आठवड्यांनी पहिली तपासणी, त्यात फ्री टी-४ असलाच पाहिजे आणि का, गोळी कधी घ्यायची, कशाबरोबर घ्यायची नाही, आणि गावच्या डॉक्टरांसाठी दोन ओळी. यासाठी ना नवी यंत्रणा लागते ना निधी. आपल्या वृत्तपत्रानं असं अर्धं पान एकदा छापलं, तर कात्रण काढून ठेवणारे पुष्कळ निघतील. साताऱ्याच्या डॉक्टरबाईंना मी विचारलं आहे. मजकूर तपासून द्यायला त्या तयार आहेत, फक्त त्यांचं नाव छापू नये असं त्यांचं म्हणणं आहे. माझ्या फोनवर आपल्या कार्यालयातून निरोप आला, तर सुट्टीच्या दिवशी मी स्वतः त्यांच्याकडून कागद घेऊन आपल्या सातारा कार्यालयात आणून देईन.

आपला नम्र,
एक एसटी वाहक, कराड, जि. सातारा

(नाव, पत्ता आणि फोन नंबर सोबत जोडला आहे. कृपया प्रसिद्ध करू नये.)